तीन सुना आणि एक लोचो

"लोचो कोणी आणला? मी विचारतोय, लोचो कोणी आणला?"

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये आमचे साहेब ओरडत होते. साहेबांचा आवाज असा, की त्यांनी इथे सुरतेच्या उधन्यात हाक मारली तर तिकडे हजीऱ्याला उभी असलेली जहाजं निघायचा हुकूम झाला असं समजून नांगर उचलत. समोर स्ट्रेचरवर कोसाडचे एक काका आडवे. सगळी हयात लूमवर गेलेली, आज हर्नियाचं ऑपरेशन, अंगात हिरवा गाऊन, हनुवटीला पिवळा चुरा आणि मिशीत बारीक शेव. रात्रीपासून उपाशी ठेवलेला हा माणूस समाधानाने ढेकर देत होता.

"मी आणला साहेब," काकांचा मुलगा म्हणाला. "तुम्हीच सकाळी राउंडला पप्पांना विचारलं ना, लोचो कुठला चांगला? पप्पा बोलले, चौकातला. मग मी लगेच बाइक काढली."

"अरे, मी खायला विचारलं नव्हतं!"

"मग कशाला विचारलं?"

साहेबांनी मोर्चा काकांकडे वळवला. "काका, तुम्हाला तरी कळायला नको? ऑपरेशनच्या आधी कोणी खातं का?"

"माले वाटलं," काका शांतपणे म्हणाले, "शेवटची इच्छा विचारी राहिनात."

काकांचं ऑपरेशन पुढे ढकललं, काकांना वॉर्डात परत पाठवलं आणि उरलेला लोचो साहेबांनी जप्त केला. हा जप्त केलेला लोचो नीट ध्यानात ठेवा. पुढे त्याच्यावर एका माणसाचा जीव टांगला जाणार आहे.

आता हे साहेब कोण, आणि आजाऱ्यांना लोचो का विचारत हिंडत, ते सांगतो.

साहेब भूल देणारे डॉक्टर. मूळचे बडोद्याचे मराठी. घरात पेशवाई मराठी, रस्त्यावर खणखणीत सुरती, आणि सर्जनशी भांडताना दोन्हींची मिसळ. मी त्यांच्या हाताखाली भुलीचं काम शिकत होतो. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात येणारे निम्मे पेशंट खान्देशातले. लिंबायत, पांडेसरा, सचिन, कोसाड, सुरतेच्या सगळ्या भागांतून कापडाचे लूमवाले, डाइंगवाले. माझे वडीलही पारोळ्याहून याच कामाला आलेले, त्यामुळे आजाऱ्यांची भाषा मला कळायची आणि साहेबांची भाषा आजाऱ्यांना कळवायचं काम माझ्याकडे असायचं.

कमरेखालच्या ऑपरेशनला आम्ही माणसाला पूर्ण झोपवत नाही. पाठीच्या मणक्यात बारीक सुईने औषध द्यायचं, की खालचा अर्धा माणूस बंद. वरचा अर्धा चालूच राहतो, आणि सगळा घोटाळा या वरच्या अर्ध्याचा. तो दिवे बघतो, हत्यारांचा आवाज ऐकतो, सर्जन "अरेरे" म्हणाला की याची छाती धडधडते. म्हणून ऑपरेशनच्या तासभर आधी एक घोट पाण्याबरोबर मन शांत करणारी गोळी द्यायची. सगळ्या जगात देतात, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते आमच्या साहेबांचं. कोणती गोळी सगळ्यात चांगली, या एका प्रश्नासाठी त्यांनी केसांचा रंग गमावला होता.

त्यांच्या स्पर्धेत तीन गोळ्या होत्या. औषधांची नावं डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि मेलाटोनिन. पण साहेब त्यांना थोरली, मधली आणि धाकटी सून म्हणत. थोरली सून लगेच कामाला लागते, पण एकदा बसली की संध्याकाळपर्यंत उठत नाही. मधली झटपट उरकते, पण माणसाला नंतर काही आठवू देत नाही. धाकटी इतकी मवाळ, की घरात आहे की माहेरी गेली आहे ते कळत नाही. हॉस्पिटलच्या समितीची परवानगी, आजाऱ्याची सही, सगळं रीतसर. कोणाला कोणती सून दिली हे फक्त थिएटरच्या सरला सिस्टरला माहीत. साहेबांनी ते विचारायचं नाही, म्हणजे निकालात पक्षपात व्हायला नको.

सचिन भागातल्या डाइंग मिलमधल्या एका गड्याला थोरली मिळाल्याचं सिस्टरने मला मागाहून सांगितलं, ती लागू पडली ती अशी, की त्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, तो घरी गेला, त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि मग त्याने डोळे उघडून विचारलं, "सुरू कधी करणार?" मी थोडं वाढवून सांगतोय असं कोणाला वाटेल. थोडंच वाढवलंय.

पण माणूस किती शांत झाला हे मोजायचं कशाने? पुस्तकांत मापं आहेत. हाक मारा, खांदा हलवा, डोळे उघडतो का बघा. साहेबांना ती पटत नसत. "खांदा हलवल्यावर डोळे तर बँकेतला कारकूनही उघडतो. तो शांत आहे की नुसता थकलाय, हे कसं कळणार?" म्हणून त्यांनी सुरतेपुरतं स्वतःचं माप काढलं. गोळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा एकच प्रश्न: "लोचो कुठला चांगला?"

लोचो म्हणजे बिघडलेलं खमण. कुठल्यातरी जुन्या सुरतकराचं खमण बसलंच नाही, आणि बिघडलं म्हणून फेकून न देता त्याने त्यावर तेल, शेव, कांदा घालून ते विकलं. सुरतकर या विषयावर जावयाशी संबंध तोडेल. साहेबांचा हिशोब असा: पेशंट तावातावाने दुकान सांगतो, कारण सांगतो आणि शेजारच्या खाटेवरच्याशी भांडतो, तर शून्य मार्क, गोळी वाया गेली. दुकान सांगतो पण भांडत नाही, तर बरे मार्क. "कुठलाही चालेल" म्हणाला, तर पैकीच्या पैकी. याला थिएटरात घ्या. आणि "नको" म्हणाला तर ताबडतोब ऑक्सिजन लावा, कारण सुरतेत लोचोला नको म्हणणारा माणूस शुद्धीवर असू शकत नाही.

नुकताच धुळ्याहून आलेला एखादा म्हणे, "लोचो काय राहतं?" मग साहेबांची तुलना कोलमडे, आणि त्या माणसाला बरा करून, घरी पाठवण्याआधी लोचो खायला घातल्याशिवाय ते सोडत नसत.

माप खरं हवं तर मोजणाऱ्याला उत्तर माहीत हवं, असं साहेबांचं म्हणणं. त्यामुळे रांदेरपासून अडाजणपर्यंत एकही लोचो त्यांनी चाखायचा ठेवला नव्हता. हे संशोधन पोटावर दिसायचं.

थिएटरात त्यांचा एक कायदा होता. "घाबरू नका" हे दोन शब्द आजाऱ्यापुढे उच्चारायचे नाहीत. "घाबरू नका म्हटलं की माणूस इकडेतिकडे बघायला लागतो, कशाला घाबरायचं होतं ते शोधायला." ज्याच्या तोंडून ते निघेल त्याला साहेब स्ट्रेचरवर झोपवत, पट्टा बांधत आणि पॅसेजमधून स्वतः ढकलत नेत, म्हणजे छताचे दिवे एकामागून एक अंगावर येताना कसे वाटतात ते कळावं. आमचे सर्जन अस्सल सुरती. जीभ चाकूपेक्षा धारदार, पण मन लोण्याचं. त्यांना या स्ट्रेचरवरून इतक्या फेऱ्या मारायला लागल्या, की पॅसेजमधला कुठला दिवा मिचमिचतो हे ते इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठून सांगत.

"साहेब, निकाल क्यारे?" सर्जन दर आठवड्याला विचारत. "तमारी त्रणमांथी कई वहु सारी?"

"कोणती सून चांगली, अजून ठरत नाही."

"अरे, एटला पेशंट थया!"

"इतके झाले तरी ठरत नाही म्हटलं ना."

का ठरत नव्हतं, हे मला कळायला बराच काळ लागला. साहेब चालताना डावा हात कायम पँटच्या खिशात ठेवत. मला वाटे रुबाब असेल. एकदा शिंक आली आणि साहेब खिशातला हात दाबून भिंतीला टेकले, कपाळावर घाम. सरला सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "इतकं शिकला तू, आणि तुले दिसत नाही? त्यासले हर्निया शे. कधीपासूनचा."

"मग ऑपरेशन?"

"सुई," सिस्टर म्हणाली.

माझा विश्वास बसेना. हा माणूस रोज दुसऱ्याच्या मणक्यात सुई घालतो, आणि स्वतः सुईला भितो? सिस्टरने मग लशीच्या वेळची हकिगत सांगितली. सगळा स्टाफ बाह्या वर करून रांगेत, आणि साहेब पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत, आतून कुलूप. शेवटी सर्जनने काचेतून मोबाइलवर क्रिकेट दाखवलं, साहेबांनी स्कोअर बघायला काच खाली केली आणि बाहेर दबा धरून बसलेल्या सिस्टरने दंडात सुई मारली. साहेबांची किंकाळी ऐकून रांगेतले निम्मे लोक पळून गेले, त्यात एक सर्जनही होता. आमचा नव्हे, डोळ्यांचा.

एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं. साहेबांनी कप खाली ठेवला. आवाज प्रथमच माणसाचा होता.

"सुई नाही हो दुखत. सुई येणार आहे, ते दुखतं. पाठीमागून येते, दिसत नाही." मग म्हणाले, "या तिघींपैकी जी खरी निघेल ती मी घेणार आणि झोपणार टेबलावर. उगीच कुठलीही घेऊन कसं झोपू?"

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या जिवावर स्वतःची गोळी शोधत होता, आणि स्वतःचा हर्निया खिशात घेऊन हिंडत होता. सर्जन त्यांना बजावून थकले होते: "एक दिवस ते आतडं बाहेर येईल आणि परत आत जाणार नाही. रक्त थांबेल, आतडं काळं पडेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

आता त्या जप्त केलेल्या लोचोकडे या.

काकांना वॉर्डात पाठवून साहेब डॉक्टरांच्या खोलीत आले. पुडी टेबलावर. "चौकातला आहे," ते म्हणाले. "पण अलीकडे तिथला कारागीर बदललाय असं ऐकतो. बघायला हवं." आणि बघता बघता सगळा बघितला. हिरवी चटणी जरा जास्तच तिखट होती. साहेबांना ठसका लागला. ठसक्यावर ठसका, मग एक शिंक. अशी शिंक, की फळ्यावरची ऑपरेशनची यादी पुसली गेली. मग साहेब एकदम गप्प झाले, आणि तेव्हाच आम्ही घाबरलो. साहेब गप्प आहेत, हेच मुळात रोगाचं लक्षण.

हर्निया बाहेर आला होता आणि आत जात नव्हता. सर्जननी दाबून पाहिलं, साहेब पांढरे पडले.

"हमणां ज करवुं पडशे. ऑपरेशन, आत्ताच," सर्जन म्हणाले. जिभेवर नेहमीची एकही शिवी नव्हती, यावरून प्रकरण किती गंभीर ते समजा.

"गोळी," साहेब म्हणाले. "आधी गोळी."

मग ते मलाच सांगावं लागलं. "साहेब, तुम्ही आत्ता लोचो खाल्लाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीच शिकवलेलं सगळं त्यांच्या तोंडावरून सरकत गेलं. भरल्या पोटी पूर्ण झोपवायचं नाही, उलटी छातीत जाते. तेव्हा मणक्यातलीच भूल. गोळीला तास लागतो. तास हातात नाही, आणि लोचोच्या ढिगाखाली गाडली गेली तर दोन तासांतही तिचा पत्ता लागायचा नाही. शिरेतून झोपेचं औषध? तेही भरल्या पोटी नको, माणूस पूर्ण जागा असलेला बरा. म्हणजे तीन सुनांपैकी एकही घरात नाही, आणि सासरे एकटे टेबलावर.

"भूल कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. मग अगदी हळू, "बरं."

स्ट्रेचरवरून नेताना ते छताचे दिवे बघत होते. मिचमिचणारा दिवा आला तेव्हा सर्जन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, घाब..." आणि स्वतःच जीभ चावली.

टेबलावर बसवून पाठीत सुई द्यायची तर माणसाने पुढे वाकायला हवं, पाठ कमानीसारखी गोल, तेव्हा मणक्यांमधली फट उघडते. साहेब रोज सांगत, "झिंग्यासारखे वाका." स्वतः मात्र शाळेतल्या ध्वजवंदनाला उभं राहावं तसे ताठ बसले. मी पाठीवर बोट ठेवलं की आणखी ताठ. मी सुई हातात घेतली, ती त्यांना दिसत नव्हती, तरी दिसली.

"थांबा! थांबा! तयार नाही मी!"

"साहेब, वाका."

"वाकतोय!"

कुठे वाकतायत. पाठ फळीसारखी. मी एकदा प्रयत्न केला, साहेब उसळले, मी सुई मागे घेतली. घड्याळाकडे बघायची मला हिंमत होईना. सर्जन हातमोजे घालून उभे, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर अजूनही एकही शिवी नाही.

सरला सिस्टर साहेबांच्या समोर उभी होती, त्यांचे खांदे धरून. ती म्हणाली, "साहेब, लोचो कुठला चांगला?"

"ही वेळ आहे का?"

"सांगा ना."

"चौकातला! अजूनही चौकातला! कारागीर बदलला तरी!"

"आमच्या लिंबायतना त्यापेक्षा बरा शे," सिस्टर म्हणाली.

"लिंबायतला लोचो मिळतो?"

"मिळतो. आम्ही त्यावर काळा मसाला टाकतो."

साहेबांनी मान फिरवली. "काय टाकता?"

सिस्टरने आवाज एकदम खाली आणला आणि स्वतःही जरा खाली वाकली. "काळा मसाला. खान्देशी. आणि वरून..."

"वरून काय?" साहेब ऐकायला पुढे झुकले.

"वरून शेंगदाण्याची चटणी."

"लोचोवर?"

"आणि," सिस्टर आणखी हळू, आणखी खाली, "शेव नाही टाकत."

"शेव नाही?" साहेबांनी तिच्या तोंडापुढे बोट नाचवायला कंबरेतून असा झोक घेतला, की त्यांची पाठ धनुष्यासारखी वाकली. मणक्यांमधली अशी सुरेख फट मी ना आधी पाहिली, ना नंतर. "शेव नाही तर त्याला लोचो कशाला म्हणता? पिठलं म्हणा! आणि पोलिसांनी तुम्हाला अजून कसं..."

सुई आत गेली, औषध गेलं, सुई बाहेर आली. साहेब बोलतच होते. पाय जड झाले तेव्हा थांबले. "हे काय? माझे पाय कुठेत?"

"झालं, साहेब," मी म्हणालो.

ते आडवे झाले, आणि ऑपरेशनभर छताकडे बघून काळ्या मसाल्यावर बोलत राहिले. सर्जननी आतडं बघितलं. गुलाबी होतं. तेव्हा कुठे त्यांना दिवसातली पहिली शिवी सुचली आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

संध्याकाळी साहेब वॉर्डात होते, कोसाडच्या काकांच्या शेजारच्या खाटेवर. काकांचं ऑपरेशन आता उद्या सकाळी. सर्जन आले ते हात चोळत, खुशीत.

"जोयुं? एक पण वहु वगर काम पती गयुं! एकाही सुनेशिवाय! उद्यापासून गोळ्या बंद. फक्त सरला सिस्टर ठेवायच्या, भांडायला. साहेब, हा तुमचा निकाल!"

सगळे हसले. सिस्टर हसली, मी हसलो, दारातला वॉर्डबॉयही हसला. काका हसले नाहीत. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि एका कुशीवर वळून साहेबांकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "मंग उद्या माले गोळी नाही का?"

साहेबही हसले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. डावा हात सवयीने खिसा शोधत होता आणि गाऊनला खिसा नव्हता. मी जवळ गेलो. खरं तर हे सिस्टरने ठरवायचं आणि साहेबांनी विचारायचं नाही असा नियम, पण मी विचारलं.

"साहेब, काकांना उद्या कोणती देऊ? थोरली, मधली, का धाकटी?"

"कुठलीही चालेल," साहेब म्हणाले. "पण द्या."